कॉलेजचं समुपदेशन केंद्र: ज्येष्ठ समुपदेशकाने घडी कशी बसवावी

केसेस चांगल्या हाताळणाऱ्या माणसालाच केंद्राच्या किल्ल्या मिळतात, आणि त्या मिळाल्यावर त्याला अजून जास्त केसेस घ्याव्याशा वाटतात. ही ओढ आवरावी लागते. विद्यार्थ्याने न बिचकता दारापर्यंत यावं, आत बोललेलं आतच राहावं आणि जिवावर बेतलं असेल तर तासाभरात योग्य माणूस मिळावा, एवढी घडी बसवणं हे ज्येष्ठाचं काम. स्वतःकडे आठवड्याला दहा-बारा सेशन पुरेत, तीही गुंतागुंतीची. उरलेला वेळ हाताखालच्यांच्या केसेस ऐकण्यात, वसतिगृहाचे रेक्टर आणि विभागप्रमुखांशी बोलण्यात आणि कागद नीट ठेवण्यात जातो.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनंतर शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमणं भाग आहे. त्यामुळे नेमणुका होऊ लागल्या आहेत. पण ‘बाकी कामं सांगतील तशी’ या एका ओळीपायी अनेक नेमणूकपत्रं कुचकामी ठरतात. रुजू होण्याआधीच तीन गोष्टी लेखी घ्या. परीक्षेचं सुपरव्हिजन नाही. शिस्तपालन समितीत आणि लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीत सदस्यत्व नाही. केंद्र थेट प्राचार्यांच्या अखत्यारीत, कुठल्याही विभागाच्या नाही. सोमवारी जो विद्यार्थी केंद्रात रडला त्याची कॉपी केस बुधवारी तुमच्यासमोर आली, तर त्याच्यासोबत त्याचे चार मित्रही कायमचे तुटतात.

कोण काय करू शकतो याचीही वाटणी स्पष्ट हवी. मानसशास्त्रात एमए केलेला समुपदेशक बोलून मदत करतो, निदानाचं प्रमाणपत्र देत नाही. मानसशास्त्रीय चाचण्यांवरचा अहवाल, उदाहरणार्थ परीक्षेत जादा वेळ मिळावा म्हणून, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून घ्यावा. औषधं समुपदेशक किंवा सायकॉलॉजिस्ट नाही, मानसोपचारतज्ज्ञ लिहितो. विद्यार्थी ‘डिप्रेशनचं सर्टिफिकेट’ मागत येतात, कारण हजेरी कमी पडलेल्यांच्या डिफॉल्टर यादीत नाव लागलेलं असतं. त्यांना केंद्राकडून मिळेल ते फक्त हजेरीचं पत्र.

खोली

परीक्षा विभागाशेजारची खोली नको, प्राचार्यांच्या केबिनसमोरची तर नकोच. ग्रंथालयाच्या मजल्यावरची, आरोग्य तपासणीच्या किंवा एनएसएसच्या खोलीला लागून असलेली जागा बरी. तिकडे जाणारा मुलगा नेमका कुठे चाललाय हे कुणाला कळत नाही. सीसीटीव्हीचा रोख दारावर नसावा. दाराच्या काचेला डोळ्यांच्या उंचीवर दुधी पट्टी लावा. काच पूर्ण झाकू नका, बंद दाराआड एकट्या विद्यार्थ्यासोबत बसताना ती तुमच्याही सोयीची असते. खुर्च्या समोरासमोर न ठेवता काटकोनाहून थोड्या रुंद कोनात ठेवा आणि दाराजवळची खुर्ची विद्यार्थ्याला द्या. घड्याळ त्याच्या मागच्या भिंतीवर लावा, म्हणजे वेळ बघायला तुम्हाला मनगटाकडे नजर टाकावी लागणार नाही. आवाज बाहेर जातो का, हे एकदा तपासून बघा: एकाने आत नेहमीच्या आवाजात वर्तमानपत्र वाचावं आणि दुसऱ्याने बाहेरच्या बाकावर बसून ऐकावं. शब्द कळले तर बाक हलवा आणि दाराबाहेर एक टेबलफॅन लावून ठेवा.

अपॉइंटमेंटची वही शिपाईमामांच्या टेबलावर उघडी पडलेली असते, आणि केंद्राची बदनामी बहुतेक वेळा तिथून सुरू होते. वही बंद करा. एक साधा ऑनलाइन फॉर्म पुरतो: नाव, फोन, सोयीची वेळ आणि ‘आजच भेटायचं आहे का’ हा एक प्रश्न. तो फॉर्म कॉलेजच्या ईआरपीत, म्हणजे कारभाराच्या संगणक प्रणालीत, ठेवू नका, तिथे विभागप्रमुखांचं लॉगिन असतं.

वेळेचं गणित

सेशन ५० मिनिटांचं, नंतरची दहा मिनिटं नोंदीसाठी. एका माणसाने दिवसाला पाच सेशन घ्यावीत. सहावं सेशन हजेरीपुरतं होतं, त्यात कान जागेवर नसतात. दोन पूर्णवेळ समुपदेशक धरले तर पाच दिवसांच्या आठवड्याला ५० सेशन होतात. त्यातली दहा, म्हणजे प्रत्येकाचं रोजचं एक, आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी रिकामी ठेवा. उरलेल्या चाळीसमध्ये एका विद्यार्थ्याला सरासरी चार भेटी धरल्या तर आठवड्याला दहा नवे विद्यार्थी घेता येतात, १४ आठवड्यांच्या सत्रात १४०. प्रतीक्षायादी लांबायला लागली की हे गणित पुन्हा मांडा. बऱ्याचदा नवे विद्यार्थी वाढलेले नसतात. आठ-दहा जुने विद्यार्थी काहीही न ठरवता दर आठवड्याला येत राहिलेले असतात. चौथ्या भेटीत ‘आपण कशासाठी भेटतोय’ हा प्रश्न दोघांनी मिळून पुन्हा बघायचा, असा नियमच करा.

गर्दीचे आठवडे आधीच माहीत असतात. पहिल्या अंतर्गत परीक्षेनंतर प्रथम वर्षाची मुलं येतात. मराठी माध्यमातून बारावीला ८५ टक्के मिळवलेला मुलगा इंग्रजी लेक्चरला बसून महिनाभर काहीच न समजल्याने गप्प झालेला असतो. दिवाळीनंतर घरून परतलेले येतात, पिकाचं काय झालं, बहिणीच्या लग्नाचं कर्ज किती, हे डोक्यात घेऊन. निकालाच्या आठवड्यात एटीकेटी (काही विषय राहिलेले) आणि वायडीवाले (वर्ष वाया गेलेले) येतात. त्या आठवड्यात ठरलेल्या फॉलोअप भेटी पुढे ढकला आणि निम्मा दिवस मोकळा ठेवा.

पहिली भेट

सुरुवात गोपनीयतेपासून करा, तीही तोंडी आणि साध्या शब्दांत. उदाहरणार्थ: ‘इथे बोलशील ते माझ्यापाशी राहील. तीन वेळा मात्र मला दुसऱ्या कुणाला सांगावं लागतं: तुझ्या किंवा आणखी कुणाच्या जिवाला धोका वाटला तर, अठरा वर्षांखालच्या कुणावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर, आणि कोर्टाने विचारलं तर. तेव्हाही शक्य असेल तर आधी तुला सांगेन.’ हे दहाव्या मिनिटाला सांगून उपयोग नाही, तोवर तो बोलून बसलेला असतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ‘तू’ म्हटलेलं चालेल का, हे विचारून घ्या. एमएस्सीच्या मुलाला पहिल्या वाक्यात ‘अरे’ केलं की तो पुन्हा शाळेच्या बाकावर जाऊन बसतो.

‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणणारे थोडे. ‘मन लागत नाही’, ‘डोकं जड असतं’, ‘छातीत धडधडतं’, ‘पुस्तक उघडलं की झोप येते’ अशी भाषा असते. म्हणून शरीराच्या बाजूने शिरा. झोपायला किती वाजतात, मेसमध्ये दोन्ही वेळा जातोस का, शेवटचं खेळायला कधी गेला होतास. मग पैशाचं विचारा: मेसचं बिल थकलंय का, शिष्यवृत्तीचा हप्ता आला का, खोली कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरती भाड्याने, आहे का आणि पार्टनर कसे आहेत. जातीवरून कुणी बोललं का, हा प्रश्न विचारायला समुपदेशक कचरतात. तो विचारला नाही की विद्यार्थी तो विषय इथेही टाळायचा असं समजतो. ‘कॅटेगरीवरून, भाषेवरून, गावावरून इथे कुणी काही बोलतं का?’ इतकं पुरे. थकवा आणि सुस्ती मोठी असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यायला सांगा.

पीएचक्यू-९ ही नैराश्याची तीव्रता मोजणारी प्रश्नावली वापरायची असेल तर दुसऱ्या निम्म्या वेळेत द्या. नऊ प्रश्न, एकूण ० ते २७ गुण. ५, १० , १५ आणि २० या पायऱ्यांवर तीव्रता सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र आणि तीव्र अशी चढते. चिंतेसाठीची जीएडी-७ ० ते २१ गुणांची, तिच्या पायऱ्या ५, १० आणि १५. दोन्ही मोफत आहेत आणि मराठीत मिळतात. गुणांवरून निदान करू नका, ते पुढच्या भेटीशी ताडून बघण्यासाठी आहेत. एक नियम मात्र मोडायचा नाही: पीएचक्यूचा नववा प्रश्न, मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा, विद्यार्थी खोलीत असतानाच वाचायचा. फॉर्म भरून घेऊन गठ्ठ्यात ठेवला आणि संध्याकाळी बघितला, तर तोवर मूल बसमध्ये बसलेलं असतं.

आत्महत्येबद्दल विचारणं

विचारल्याने डोक्यात विचार शिरतो हा गैरसमज आहे. विचारायचं कसं, ते हाताखालच्यांकडून मोठ्याने म्हणवून घ्या, कारण पहिल्यांदा सगळ्यांचीच जीभ अडखळते. ‘तू तसलं काही करणार नाहीस ना?’ या प्रश्नाचं उत्तर ‘नाही मॅडम’ हेच येतं, प्रश्नातच ते ठरलेलं आहे. असं विचारा: ‘इतकं सगळं एकदम अंगावर आलं की काहींना जीव द्यावासा वाटतो. तुला तसं वाटलंय का?’ उत्तर हो आलं तर घाईने धीर देऊ नका. पुढचे प्रश्न याच क्रमाने: शेवटचं कधी वाटलं? कसं, कधी, असं काही ठरवलंय का? त्यासाठी काही जमवून ठेवलंय का? याआधी कधी प्रयत्न झाला होता का? आणि मग, आजवर कशामुळे थांबलास? शेवटच्या उत्तरात आईचं, धाकट्या भावाचं, कधी पाळलेल्या कुत्र्याचं नाव येतं. पुढचा आराखडा त्याच नावावर उभा करायचा असतो.

विचार येऊन जातात पण बेत नाही, अशा वेळी सुरक्षा आराखडा करून घ्या आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा बोलवा. बेत ठरलेला आहे, साधन हाताशी आहे किंवा गेल्या काही महिन्यांत प्रयत्न झालेला आहे, तर विद्यार्थ्याला एकटं सोडायचं नाही. स्वच्छतागृहात जातानाही सोबत कुणीतरी. घरी फोन त्याच्या देखत, त्याला सांगून करा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. काही खाल्लंय किंवा घेतलंय असं कळलं तर आधी १०८. ‘आता बरं वाटतंय’ यावर विसंबू नका: काही विषं आणि गोळ्या पहिला दिवस त्रास न देता नंतर जिवावर उठतात, म्हणून ठीक दिसणाऱ्यालाही रुग्णालयात न्यायचंच.

सुरक्षा आराखडा एका कागदाच्या एका बाजूवर मावला पाहिजे, आणि तो विद्यार्थ्याच्याच शब्दांत हवा. त्यात सहा गोष्टी असतात: वाईट वेळ येतेय हे कशावरून कळतं, एकट्याने काय केल्यावर मन वळतं, कुठे किंवा कुणाजवळ गेलं की लक्ष दुसरीकडे जातं, मदत मागता येईल अशी दोन माणसं (फोन नंबरासह), केंद्र, डॉक्टर आणि टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर, आणि धोक्याच्या वस्तू दूर कशा ठेवायच्या. दुसऱ्या ओळीत ‘योगा करणे’ असं छापील उत्तर आलं तर खोडायला लावा. ‘पंखा फुल करून जुने क्रिकेट हायलाइट्स बघणे’ हे खरं उत्तर. सहाव्या मुद्द्याला सगळ्यात जास्त वेळ द्या: खोलीतल्या गोळ्या कुणाकडे ठेवायच्या, रोजच्या औषधाची आठवड्याचीच पट्टी जवळ ठेवायची का, आज रात्री खोलीत एकटं झोपायचं की मित्राकडे. कागदाचा फोटो त्याच्या फोनमध्ये काढून द्या. ‘मी जिवाचं काही करणार नाही’ असं लिहून सही घेण्याची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. ती बंद करा. तिने जीव वाचत नाही, उलट वचन मोडल्याच्या लाजेने मूल पुढच्या वेळी गप्प बसतं.

टेलिमानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. नंबर नुसता देऊ नका, पहिला फोन केंद्रातूनच लावून द्या.

पालक आणि कधी प्राचार्यही ‘पोलीस केस होईल’ या भीतीने रुग्णालय टाळतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिला शिक्षा होत नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या दंड संहितेतल्या ३०९ सारखं सरसकट कलमच नाही. हे चार ओळींत छापून टेबलाच्या खणात ठेवा. रात्री साडेनऊला रेक्टरांशी वाद घालताना कागद लागतो.

कुणाला किती सांगायचं

विभागप्रमुखांना हजेरीची चिठ्ठी मिळेल, ती अशी: ‘सदर विद्यार्थी दि. अमुक रोजी ११ ते १२ या वेळेत केंद्रात उपस्थित होता.’ विषय नाही, कारण नाही. सरांनी ज्या मुलाला पाठवलं त्याचं पुढे काय झालं, हे ते आपुलकीने विचारतात, आणि गोपनीयता अशाच आपुलकीच्या चहावर सांडते. उत्तर ठरवून ठेवा: ‘पाठवलंत ते बरं केलंत. वर्गात काही वेगळं दिसलं तर मला सांगा, तिकडचं मला कळत नाही.’ माहिती तुमच्याकडे येऊ द्या, तुमच्याकडून जाऊ देऊ नका.

अठरा पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याच्या आईवडिलांना त्याच्या संमतीशिवाय तपशील सांगायचा नाही, जिवाचा धोका हा अपवाद. रात्रीच्या एसटीने लातूरहून आलेल्या वडिलांना ‘सांगता येणार नाही’ असं दारात म्हणणंही बरोबर नाही. त्यांना बसवा, पाणी द्या, त्यांना काय दिसलंय ते ऐकून घ्या. मग मुलाला विचारून तिघांनी अर्धा तास बसा. काय बोलायचं आणि काय नाही, हे मुलासोबत आधी ठरवून घ्या.

कनिष्ठ महाविद्यालय त्याच आवारात असेल तर जास्त सावध राहा. अकरावी-बारावीची आणि प्रथम वर्षाचीही काही मुलं अठराच्या आत असतात. त्यांच्यावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सतरा वर्षांच्या मुलीने आपल्या मर्जीने शरीरसंबंध ठेवले तरी कायदा तिची संमती धरत नाही, आणि तरुण समुपदेशक इथेच गोंधळतात. ज्येष्ठाने अशी केस त्याच दिवशी हातात घ्यावी, कॉलेजच्या वकिलांशी बोलावं आणि पुढे काय होणार हे मुलीला स्वतः सांगावं.

लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत द्यायची असते, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. बोलायला धीर यावा म्हणून थांबताना ही तारीख विद्यार्थिनीला माहीत असू द्या. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे.

नोंदी

फाइलवर नाव नको, क्रमांक हवा. क्रमांक आणि नाव जोडणारी यादी वेगळ्या कपाटात, तिची किल्ली दोघांकडेच. नोंद आठ-दहा ओळींची असते: काय सांगितलं, धोका विचारला का आणि उत्तर काय, काय ठरलं, पुढची भेट कधी. धोका नसेल तर तसं स्पष्ट लिहा. ‘विचारलं, नकार दिला’ हे तीन शब्द नसलेली नोंद अपुरी समजा. तर्क आणि विशेषणं गाळा. ‘मुलगी लक्ष वेधून घेण्यासाठी करते’ हे वाक्य उद्या कोर्टात मोठ्याने वाचलं जाऊ शकतं.

नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी, आकडे मागतात तेव्हा एकूण बेरीज द्या. ‘तृतीय वर्ष, मेकॅनिकल, मुली: २’ अशी ओळ दिली तर त्या दोघी कोण, हे अख्ख्या विभागाला कळतं. पाचपेक्षा लहान आकडा कधीच फोडून देऊ नका. समुपदेशकांचे खासगी व्हॉट्सअॅप नंबर विद्यार्थ्यांकडे जाऊ देऊ नका. रात्री दोनला आलेला आणि सकाळी सातला वाचलेला ‘मॅम सॉरी’ हा मेसेज कुणाच्याच भल्याचा नसतो. केंद्राचा एक फोन ठेवा आणि तो कधी उचलला जातो, त्यानंतर कुठे फोन करायचा, हे दारावर लिहा.

डॉक्टरांकडे पाठवताना

‘सायकियाट्रिस्टला दाखव’ एवढं सांगितलेले बरेच जण जात नाहीत. केंद्रातूनच फोन करून अपॉइंटमेंट घ्या, पहिल्या वेळी सोबत जा किंवा मित्राला पाठवा. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीचे वार आणि वेळ भिंतीवर लावून ठेवा, कारण खासगी फी कळली की विद्यार्थी गप्प होतो. पत्र पाच ओळींचं: किती दिवसांपासून काय, झोप-भूक, धोका, आधीचं औषध, आपण काय करतोय. नैराश्यावरचं औषध सुरू झाल्यावर परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता व आत्महत्येचे विचार वाढताहेत का यावर लक्ष ठेवावं लागतं. म्हणून औषध सुरू झालं की भेटी कमी न करता आठवड्याला एक ठेवा. ‘गोळ्यांची सवय लागते’ म्हणून घरचे दिवाळीत औषध बंद करतात. हे आधीच बोलून ठेवा.

हाताखालचे आणि आजूबाजूचे

प्रत्येक कनिष्ठासोबत आठवड्याला एक तास, फोन बंद ठेवून. ‘केसेस कशा चालल्यात?’ असं विचारलं तर ‘छान’ हे उत्तर मिळतं. ‘या आठवड्यात कुणाला भेटायला नको वाटलं?’ हे विचारा. नव्या समुपदेशकांची नेहमीची चूक म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत सल्ला: वेळापत्रक कर, पॉझिटिव्ह राहा. रोल-प्लेमध्ये त्यांना वीस मिनिटं फक्त प्रश्न विचारू द्या.

वर्षातून दोनदा शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निर्देशांतही आहे. प्राध्यापकांइतकंच ते रेक्टर, सुरक्षारक्षक, ग्रंथालयातले कर्मचारी आणि मेसच्या मावशींसाठी घ्या. चार दिवस ताट न उचललेला मुलगा सगळ्यात आधी मावशींना कळतो. दीड तास पुरतो: काय दिसलं की थांबायचं, काय विचारायचं, कुणाला फोन करायचा.

कॉलेजात मृत्यू झालाच तर पहिल्या दिवशी रूम पार्टनर, प्रॅक्टिकलची बॅच, जवळचे मित्र आणि नुकतंच ज्याच्याशी भांडण झालं होतं तो, अशी यादी करून प्रत्येकाला प्रत्यक्ष भेटा. सूचना छोटी असावी. त्यात पद्धत, जागा आणि कारण नको, केंद्राची वेळ हवी. सगळ्या वर्गाला एकत्र बसवून मन मोकळं करायला लावू नका. यादीतल्यांना महिन्याने आणि पुढच्या परीक्षेच्या आधी पुन्हा फोन करा.

सत्र संपण्याच्या आधीच्या आठवड्यात चालू केसेसची यादी काढा. घरी जाऊन धोका वाढेल अशांच्या नावापुढे खूण करा, गावाजवळच्या सरकारी ओपीडीचा पत्ता त्यांच्या आराखड्यावर लिहून द्या आणि सुट्टीत कोण कोणाला कोणत्या वारी फोन करणार हे ठरवा. यादीची एक प्रत लखोट्यात घालून कपाटाच्या आत चिकटवा, म्हणजे तुम्ही रजेवर असलात तरी दुसऱ्याला ती सापडेल.